कामं निम्म्यावर आली: रेट पाडू, माणसं कमी करू, की मशीन विकू?

पाचचा_भोंगा | ८ सप्टेंबर २०१९, रात्री ११:४०

आज रविवार. शटर अर्धं वर करून शेडमध्ये दोन तास एकटाच बसलो होतो. बंद व्हीएमसीसमोर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) बसलं की कूलंटचा आंबूस वास जरा जास्तच येतो.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. चार व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ, अकरा माणसं, वडील आणि मी. काम ट्रकचे हब आणि ब्रेक ड्रम. फाउंड्री कास्टिंग (ओतीव लोखंडाचे भाग) पाठवते, आम्ही मशीनिंग करून परत देतो, ती ट्रक कंपनीला पाठवते. ऐंशी टक्के काम या एकाच पार्टीचं. हो, ही चूक आहे हे कळतंय, त्यावरून शिव्या नंतर घाला.

मार्चपर्यंत दोन शिफ्ट फुल होत्या. आता एक शिफ्ट, तीसुद्धा आठवड्यात चारच दिवस. ऑगस्टमध्ये पंचगंगा महामार्गावर आली आणि जवळजवळ आठवडाभर इकडची गाडी तिकडं गेली नाही, तेव्हा वाटलं होतं की पूर ओसरला की साठलेलं काम एकदम येईल. पूर ओसरला, काम काही आलं नाही. दोन व्हीएमसी गेल्या वर्षी जुलैमध्ये कर्जावर घेतल्या, त्यांचा हप्ता महिन्याला १,१८,०००. पेमेंट पूर्वी ६० दिवसांत यायचं, आता ११० वर गेलंय. आणि परवा पार्टीचा पर्चेसवाला म्हणतो, "१५ टक्के रेट कमी करा, नाहीतर कागलचा शॉपवाला तयार बसलाय."

आमचा रेट तासाला ४००. वडील म्हणतात, रेट पाड पण मशीन फिरतं ठेव. मेव्हणा म्हणतो, चार माणसं कमी कर. मला वाटतंय एक मशीन विकून हप्ता हलका करावा. दिवाळी दीड महिन्यावर आलीये आणि बोनसचं कोणी विचारत नाही, तेच जास्त खुपतं. जे या वाटेनं गेलेत त्यांनी सांगा.

---

कुपोला | ९ सप्टेंबर २०१९

भावा, तीन प्रश्न इचारलास, चौथा राहिला. आज गल्ल्यात आन सीसीत (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यात) मिळून पैसा किती दिवसांचा हाय? एक रुपया आला नाही तर किती आठवडे पगार, हप्ता आन लाईट बिल भरशील? ते आधी मोज. बाकीचं मग बोलू.

२००८ मध्ये माझी फाउंड्री तुझ्यापेक्षा वाईट अडकली होती. २००७ ला इंडक्शन फर्नेस घेतली, पुढच्या दिवाळीनंतर शेड्यूल (पार्टीच्या मागणीचा कागद) आलं ते कोरंच. मी काय केलं, सोळा मोल्डर (साचे करणारे) घरी पाठवले. हुशारी केली असं वाटलं. सरकारनं डिसेंबरात एक्साइज ४ टक्क्यांनी उतरवली, जानेवारीत ट्रक घेणाऱ्याला ५० टक्के घसारा दिला, आन उन्हाळ्यापर्यंत कामं परत यायला लागली. फर्नेस होती, पिग आयर्न होतं, मोल्डर नव्हते. जे नवे घेतले त्यांनी पहिल्या दोन महिन्यांत एवढं रिजेक्शन काढलं की मंदीत गेला नव्हता तेवढा पैसा तेजीत गेला.

मशीन लावून देणाऱ्या सेटरला हात लावू नकोस.

---

वायफळ | ९ सप्टेंबर २०१९

मंदी-बिंदी काही नाही, पेपरवाल्यांचा धंदा आहे. काल रात्री कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्यासाठी अर्धा तास लाईनीत उभा होतो. लोकांकडे पैसे नसतील तर एवढी गर्दी कुठून आली?

---

ताट_वाटी | ९ सप्टेंबर २०१९

वायफळदादा, रविवारची गर्दी सोडा, मंगळवारचे डबे मोजा. माझी खानावळ एमआयडीसीच्या तोंडाशीच आहे. जानेवारीत रोजचे २३० डबे जात होते. एप्रिलमध्ये १९०. तेव्हा कारखानदार मंडळी सांगत होती की काही नाही हो काकू, मार्च एंडनंतर असं होतंच. आज ११५ गेले. मंदी आधी माझ्या पातेल्यात दिसते, मग यांच्या शेड्यूलमध्ये.

पाचचा_भोंगा, तुमचा प्रश्न मोठ्या धंद्याचा, मला मशीनमधलं काही कळत नाही. पण मी काय केलं ते सांगते. दर कमी केला नाही. पूर्ण डबा ६० चा तसाच ठेवला आणि ३५ चा अर्धा डबा काढला: तीन चपात्या, एक भाजी. दोन भाज्यांची एक केली, पण तांदूळ तोच. तांदूळ बदलला की गिऱ्हाईक बोलत नाही, नुसतं यायचं थांबतं. आणि महिन्याची उधारी बंद, आता पंधरा दिवसांची. माणसं गावी निघून जाताहेत, महिन्याचे पैसे बुडतात.

---

लेजर_पान | १० सप्टेंबर २०१९

ताईंनी जे केलंय ते मी क्लायंटना चार मीटिंगमध्ये समजावतो, फी घेऊन.

भोंगासाहेब, रेटचा हिशेब आकड्यात बघू. मी सीए आहे, पुण्यात, त्यामुळे शॉपफ्लोअरचे आकडे चुकले तर सांगा. मशीन चाललं तरच होणारा तासाचा खर्च धरतो: वीज ५०, इन्सर्ट (कापणारी टोकं) आणि ड्रिल ४५, ऑपरेटर ७०, कूलंट, तेल, किरकोळ १५. एकूण १८०. म्हणजे ४०० च्या रेटला हप्ता आणि भाड्यासाठी तासाला २२० उरतात, ३४० ला १६०.

आज एक मशीन महिन्याला १५० तास चालतंय असं धरा. १५० गुणिले २२० म्हणजे ३३,०००. रेट पाडून तास २२० झाले तर २२० गुणिले १६० म्हणजे ३५,२००. सत्तर तास मशीन जास्त झिजवून हातात २,२०० रुपये. आणि तास २०६ च्या खाली राहिले तर आजच्यापेक्षाही तोटा. पार्टी २०६ तासांची लेखी हमी देतेय का?

---

पाचचा_भोंगा | १० सप्टेंबर २०१९

धन्यवाद. आकडे बरेच जवळ आहेत, फक्त एक अडचण. कुपोलाकाकांचं ऐकून माणसं ठेवायची तर ऑपरेटरचे ७० मशीन बंद असलं तरी जाणारच. मग तो खर्च तासाच्या हिशेबात कसा धरायचा?

---

लेजर_पान | १० सप्टेंबर २०१९

बरोबर पकडलंत. मग चित्र बदलतं. ४०० ला २९० उरतात, ३४० ला २३०. आजचे ४३,५००, रेट पाडून २२० तास मिळाले तर ५०,६००. फरक ७,१०० चा, चार मशीनचे २८,४००. तोट्याची रेषा २०६ वरून १८९ तासांवर येते. माणसं ठेवायची ठरली की वडिलांच्या बोलण्यात दम आहे, माणसं काढायची ठरली की नाही. दोन्ही प्रश्न एकाच दोरीला बांधलेले आहेत, सुटे सोडवता येणार नाहीत. हमीचा मुद्दा मात्र तसाच राहतो.

---

भोसरी_गल्ली७ | १० सप्टेंबर २०१९

हमी? शेड्यूलवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की हा अंदाज आहे. आमच्याकडे सोमवारी शेड्यूल ८०० नगांचं, गुरुवारी फोन येतो: ३०० च पाठवा, गेटवर गाडी घेणार नाही. उरलेले ५०० आपल्या शेडमध्ये, गंज लागू नये म्हणून तेल आपलंच.

कोणी थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करा म्हणेल म्हणून आधीच सांगतो. कायदा चांगला आहे, लहान उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी. ४५ दिवसांच्या वर गेलं की बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, दर महिन्याला. मी वाचून काढलाय. पण ऐंशी टक्के काम ज्याचं, त्याच्यावर केस टाकायची म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तिच्यावर करवत.

---

खर्चीवाला | ११ सप्टेंबर २०१९

इचलकरंजीतून लिहितोय. टोपणनाव बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगतो: आमच्याकडं जो दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो तो खर्चीवाला. म्हणजे जॉबवर्कच, तुमच्यासारखंच. फक्त तुम्ही तासावर, आम्ही पिकावर (पीक म्हणजे कापडातला आडवा धागा).

'मशीन फिरतं ठेव' हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावं. मंदी आली की व्यापारी पिकामागची मजुरी पाडतो. पहिला खर्चीवाला म्हणतो, माग बंद ठेवण्यापेक्षा बरं. दुसरा म्हणतो, तो घेतोय तर मीही घेतो. पंधरा दिवसांत सगळा गाव पाडलेल्या मजुरीवर दिवसरात्र विणतोय. मग कापड जास्त होतं. कापड जास्त झालं की ग्रे (न रंगवलेल्या) कापडाचा भाव अजून पडतो, आणि व्यापारी परत येतो, अजून थोडं कमी करा म्हणून. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणा, आणि सगळे मिळून खड्ड्यात. मजुरी उतरते तेव्हा एका फोनवर उतरते, चढवायची तर मोर्चे काढावे लागतात.

माझ्या चुलत्यांनी गेल्या वर्षी बारा माग भंगारात घातले. वजनावर गेले. कटरनं कापताना ते बघायला थांबले नाहीत, चहाच्या गाड्यावर जाऊन बसले. आजवर माग कधी 'बंद' ठेवले नव्हते त्यांनी, हाच त्यांचा अभिमान होता.

तेव्हा भोंगासाहेब, कागलवाला ३४० ला घेतोय तर घेऊ दे एकदा. सहा महिन्यांनी त्याच्या दारात २९० मागायला जातील.

---

कुपोला | ११ सप्टेंबर २०१९

खर्चीवाल्याचं खरं हाय. पण पोराला हप्ता हाय, तुमच्या चुलत्यांचे माग फिटलेले होते. फिटलेलं मशीन बंद ठेवायला धीर पुरतो, कर्जातलं ठेवायला पैसा लागतो.

मी मधली वाट सांगतो. रेट कमी करायचाच तर फुकट करायचा नाही. त्या बदल्यात दिवस माग. म्हण, ४०० चे ३७० करतो, पण ३० दिवसांत पैसे, आन हा रेट ३१ मार्चपर्यंतच. मेलवर लिहून घे. तारीख नसलेली सूट म्हंजे नवा रेट.

---

लेजर_पान | ११ सप्टेंबर २०१९

काका, आदर राखून: व्याजाच्या हिशेबात हे बसत नाही. ११० ऐवजी ३० दिवस, म्हणजे ८० दिवस वाचले. १२ टक्क्यांनी ४०० रुपयांवर ८० दिवसांचं व्याज साडेदहा रुपये. त्यासाठी ३० रुपये सोडायचे?

---

डीपी_शिल्लक | ११ सप्टेंबर २०१९

सीएसाहेब, तुम्ही व्याज मोजलंत, मर्यादा मोजली नाहीत. मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी एसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) शाखेत.

सीसी खात्याला मंजूर लिमिट असतं, पण उचलता येतं ते ड्रॉइंग पॉवरएवढंच (डीपी). ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. त्यात ९० दिवसांवरची येणी धरत नाहीत. समजा यांची येणी १६ लाख आहेत आणि त्यातली ६ लाख नव्वदी ओलांडून गेलीत. मार्जिन (बँक धरत नाही तो हिस्सा) ४० टक्के असेल तर डीपी एका फटक्यात ३,६०,००० ने घटते. माल दिलाय, बिल खरं आहे, पार्टी बुडालेली नाही, तरी बँकेच्या लेखी ते पैसे अस्तित्वातच नाहीत. त्या महिन्यात पगार कशातून करणार? हातउसने, चार टक्क्यांनी. महिन्याला. म्हणून ९० च्या आत येणारा ३७० हा ११० दिवसांनी येणाऱ्या ४०० पेक्षा मोठा असतो.

आणि मॅनेजरला आत्ताच जाऊन भेटा, हप्ता चुकल्यावर नको. एक दिवस उशीर झाला की खातं एसएमए-० (बँकेच्या लेखी इशाऱ्याची पहिली पायरी), तीस दिवसांनी १, साठनंतर २, नव्वदला एनपीए (थकीत कर्ज). एसएमए-२ ला भेटायला आलेल्या माणसाशी मॅनेजर वेगळ्या आवाजात बोलतो, मी स्वतः बोललोय. रिझर्व्ह बँकेचं १ जानेवारीचं एमएसएमई पुनर्रचनेचं परिपत्रक आहे, २५ कोटींपर्यंतच्या खात्यांना, मार्च २०२० पर्यंत. पण त्यात अट अशी की १ जानेवारी २०१९ ला खातं थकीत असूनही स्टँडर्ड (एनपीए न झालेलं) पाहिजे. तुम्ही तेव्हा नियमित भरत होतात, म्हणजे बसत नाही. हसू नका, असंच आहे ते.

---

लेजर_पान | ११ सप्टेंबर २०१९

मान्य. माझं वाक्य मागे घेतो.

---

नेकारकर | १३ सप्टेंबर २०१९

श्टुटगार्टजवळून, मूळ सांगलीचा. २००९ मध्ये इथे ऑर्डर निम्म्यानं पडल्या तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. कंपनीनं कोणाला काढलं नाही, सगळ्यांचे तास कमी केले. याला इथे कुर्त्सआर्बाइट म्हणतात. जितका निव्वळ पगार बुडतो त्याच्या ६० टक्के सरकारी रोजगार संस्था भरते, मुलंबाळं असतील तर ६७. त्या वर्षी मे महिन्यात १४ लाखांवर लोक या योजनेत होते. शुक्रवारी सुट्टी असायची, आम्ही द्राक्षमळ्यात फिरायला जायचो. ऑर्डर परत आल्या तेव्हा प्रत्येक माणूस आपल्या मशीनवर होता.

---

वायफळ | १३ सप्टेंबर २०१९

द्राक्षमळ्यात! आमच्याकडे कामगाराला आठवड्याचा चौथा दिवस सुट्टी दिली तर तो दुसऱ्याच्या द्राक्षमळ्यात मजुरीला जाईल, तासगावला.

---

पाचचा_भोंगा | १३ सप्टेंबर २०१९

वायफळ, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत आहे. पण नेकारकरांची कल्पना डोक्यात राहिलीये. ६० टक्के देणारं इथं कोणी नाही, मग ते आपल्यातच वाटून घ्यायचं.

---

वायफळ | २० सप्टेंबर २०१९

घ्या! कंपनी टॅक्स ३० वरून २२ टक्के! नव्या कारखान्याला १५! शेअर बाजार बघा. आता बोला मंदी.

---

लेजर_पान | २० सप्टेंबर २०१९

कंपन्यांना. भोंगासाहेबांची भागीदारी फर्म असणार, तिला लागू नाही. आणि नफाच नसेल तर नफ्यावरच्या करात सूट घेऊन काय करणार? आज गोव्यात जीएसटी कौन्सिलची बैठक झाली, ती बातमी तुमच्या कामाची आहे, कोणी फारशी छापणार नाही. इंजिनिअरिंगच्या मशीन जॉबवर्कचा दर १८ वरून १२ टक्के, १ ऑक्टोबरपासून (बस बॉडी सोडून). महिन्याला चार लाखांचं बिल असेल तर ७२,००० ऐवजी ४८,०००. पार्टीचे पैसे यायच्या आधी वीस तारखेला तुम्ही खिशातून भरता ते २४,००० नं कमी होतील. शेवटी रोख महत्त्वाची.

---

पाचचा_भोंगा | ९ ऑक्टोबर २०१९

काल दसरा झाला. काय काय झालं ते लिहितो, धाग्याचं देणं लागतो.

आधी कुपोलाकाकांचा चौथा प्रश्न. मोजलं. साडेपाच आठवडे. त्या रात्री झोपलो नाही, पण दुसऱ्या दिवसापासून काय विचारायचं ते कळायला लागलं.

पार्टीकडे गेलो. ३७० आणि ३० दिवस म्हणालो, पर्चेसवाला अक्षरशः हसला. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी हबचं काम ३८० ला, ६० दिवसांत पैसे, ३१ मार्चपर्यंत, मेलवर. ड्रम कागलला गेले. म्हणजे जिंकलो असं काही नाही, तिसरा हिस्सा काम गेलं.

ड्रम गेल्यावर दोन्ही लेथना कामच उरलं नाही. जुनी विकली, आलेल्या पैशातून एका कर्जाची काही मुद्दल फेडून हप्ता १,१८,००० वरून ८६,००० वर आणून घेतला. मॅनेजर 'आधी आलात ते बरं केलंत' म्हणाले. डीपी_शिल्लक यांना नमस्कार. महावितरणला काँट्रॅक्ट डिमांड (करारातला वीजभार) कमी करायचा अर्जही दिला, मशीन बंद असलं तरी स्थिर आकार चालूच होता. शिवाय पॉवर फॅक्टर (विजेचा वापर किती नीट होतो त्याचं माप) राखायला लावलेली कपॅसिटर बँक लोड कमी झाल्यामुळे उलटी पडायला लागली होती, त्याचाही दंड. पैसे कुठून कुठून गळतात हे मंदीतच दिसतं.

आता माणसं. गेल्या महिन्यात सगळ्यांना बसवलं आणि वही समोर ठेवली. वडिलांना हे अजिबात पटलं नव्हतं. कामगाराला आपली उधारी दाखवतात का? मी सांगितलं की सहा दिवसांचं काम नाही, चारच दिवसांचं आहे. दोघं-तिघं घरी जाऊ शकतात, किंवा सगळे पाच दिवसांच्या पगारावर राहू शकतात, मी आणि बाबा अर्ध्यावर. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमचे सेटर काका, चौदा वर्षं आहेत, म्हणाले, "पाचव्या दिवशी आम्ही काय करायचं मग? पगार घेऊन बसायचं?"

तो पाचवा दिवस आता नवीन कामाचा. खर्चीवाल्यांच्या ओळखीतून पंपाच्या बेअरिंग हाउसिंगचं काम मिळालं. चाळीस नग, तीन साइझ. आमच्याकडं वर्षानुवर्षं एकच फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) टेबलावर, चढवलं की उतरवायचं नाव नाही. आता दिवसातून दोनदा बदल. पहिल्या दिवशी एक बदल करायला साडेतीन तास लागले. काका डायल लावून, तांब्याच्या हातोडीनं टकटक करत, शंभरातला एक (मिलिमीटरचा शंभरावा भाग) शोधत होते. काटा हलतोय, परत टकटक. मी घड्याळ बघत होतो आणि मनात तासाला ३८० गुणत होतो. गेल्या आठवड्यात तो बदल एक तास दहा मिनिटांत झाला. त्यांनी स्वतःच बेस प्लेटला दोन डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) मारून घेतले, मला न विचारता.

बोनस दिला. एक पगार नाही, अर्धा.

---

कुपोला | ९ ऑक्टोबर २०१९

डॉवेल आधी सुचले नव्हते कारण गरज नव्हती.

आन एक लक्षात ठेव. ही मंदी हाय का मरण, हे वेगळं वळखायला शीक. आमच्या उद्यमनगरात एकेकाळी ऑइल इंजिनं बनायची, गल्लोगल्ली. खेड्यात लाईट आली, शेतकऱ्यानं मोटर बसवली, इंजिन संपलं. काहीजण पाच-दहा वर्षं म्हणत राहिले की यंदा जरा मंदी हाय. ज्यांनी कास्टिंग धरलं ते टिकले. ट्रकचं आत्ताचं दुखणं माझ्या मते मंदीचं हाय. गेल्या वर्षी जुलैत एक्सल लोड (ट्रकच्या कण्यावर चालणारं वजन) वाढवून दिला, जुन्याच गाडीत पाव हिस्सा माल जास्त बसतोय, मग नवी कोण घेणार. त्यात आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडल्यापासून फायनान्स मिळंना, आन एप्रिलमध्ये बीएस-सहा, धुराचे नवे नियम. हे सगळं निवळंल. तुझा हब उद्या बॅटरीच्या ट्रकलाही लागणार, चाक हाय तोवर हब हाय. पण फ्लायव्हील हाउसिंग (इंजिनाचाच भाग) करणाऱ्यानं आत्तापासून दुसरं बघावं.

---

भोसरी_गल्ली७ | १० ऑक्टोबर २०१९

मी फ्लायव्हील हाउसिंगच करतो काका. आभारी आहे.

---

ताट_वाटी | १४ जून २०२०

धागा वर काढतेय. सगळे बरे आहात ना? एमआयडीसी हळूहळू उघडतेय. कालचे डबे २२. मोल्डिंगवाली मुलं बिहार-ओडिशाला गेली ती अजून आलेली नाहीत. मी मधल्या काळात मसाले आणि चटण्या करून विकल्या, त्यावर घर चाललं.

---

पाचचा_भोंगा | १५ जून २०२०

ताई, आम्ही ठीक. गेल्या वर्षी मंदी मोठी वाटत होती, तिचं आता हसू येतं. २५ मार्चपासून जवळपास दीड महिना शून्य. पण साडेपाच आठवडे मोजल्यापासून एक सवय लागली होती, फेब्रुवारीत नऊ आठवड्यांपर्यंत आणलं होतं. तेवढ्यावर तरलो. सगळे अकरा जण आहेत. इमर्जन्सी क्रेडिट लाइनसाठी अर्ज केलाय, २९ फेब्रुवारीच्या कर्जबाकीच्या २० टक्के, तारण नाही, पहिलं वर्ष मुद्दल नाही. घेऊ का?

---

डीपी_शिल्लक | १५ जून २०२०

घ्या, पण पगार, वीज आणि जुनी देणी याखेरीज कशाला लावू नका. स्वस्त कर्जातून मशीन घेणारे आत्तापासूनच विचारायला लागलेत. ते फेडायचंच आहे, चार वर्षांत. मोरेटोरियमही (हप्ते पुढं ढकलायची सवलत) गरज असेल तरच घ्या, व्याज चालू राहतं.

---

पाचचा_भोंगा | ३ मार्च २०२४

जुना धागा, आज आयकराच्या निमित्तानं आठवला. आमच्या पार्टीच्या अकाउंटंटनं चक्क स्वतः फोन केला: "तुमचं उद्यम (लहान उद्योगाच्या नोंदणीचं) सर्टिफिकेट पाठवा, ३१ मार्चच्या आत तुमची बिलं क्लिअर करायची आहेत." सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या वर थकवलं तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, आयकराचं कलम ४३बी(एच). भोसरीवाल्यांनी २०१९ ला सांगितलेलं तिप्पट व्याज कोणी कधी दिलं नाही, पण स्वतःचा टॅक्स वाढणार म्हटल्यावर धावपळ बघा.

ड्रम परत आले २०२२ मध्ये. कागलवाल्यानं तो रेट झेपत नाही म्हणून सोडले. आनंद वगैरे झाला नाही, त्याचीही पोरं तिथंच कामाला होती. पंपाचं काम आज एकूण कामाच्या ३५ टक्के आहे, ट्रकची पार्टी ५० वर आणलीये. ते इमर्जन्सी क्रेडिट लाइनचं कर्ज (ईसीएलजीएस) मे महिन्यात फिटेल.

---

लेजर_पान | ३ मार्च २०२४

माझे दोन क्लायंट उलटं सांगतात. त्यांच्या पार्ट्या म्हणतात उद्यम रद्द करा, नाहीतर काम मध्यम कंपनीला देतो. कुठल्याही नियमाची पळवाट नियमाआधी तयार असते.

---

भोसरी_गल्ली७ | ४ मार्च २०२४

मला तसा फोन आला होता. रद्द केलं नाही. फ्लायव्हील हाउसिंग अजून चालू आहे, काकांना सांगा.

---

ताट_वाटी | ४ मार्च २०२४

भोंगासाहेब, काल १८० डबे गेले. तुमच्याकडे आता माणसं किती आहेत? नवी मुलगी ठेवलीये, दुपारी बारा वीसला शेडवर पोहोच करेल.

---

पाचचा_भोंगा | ४ मार्च २०२४

चौदा. त्यात सेटर काकांचा सोमवारी उपास असतो, त्यांना शाबूची खिचडी, शेंगदाणे कमी.